मृदंगाचा रवा आणि हेडफोनचा कापूस

तंजावूर येथे मैफलीस प्रारंभ होण्यापूर्वी मृदंगवादक एक छोटेसे काम उरकून घेतो. पाण्यात कालविलेल्या रव्याचा गोळा तो मृदंगाच्या डाव्या तोंडावर, कातड्याच्या मध्यभागी थापतो. आघात करून ऐकतो. मग आणखी रवा लावतो किंवा नखाने खरवडून कमी करतो. मैफल संपली की रवा काढून टाकण्यात येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार परिचितच वाटेल. आणि १८५५ पर्यंत मराठी राजांचे नगर असलेल्या तंजावूरात तो परका वाटण्याचे कारणही नाही.

रव्याच्या भाराने कातड्याची हालचाल मंदावते, दर सेकंदाची कंपने घटतात आणि नाद खर्जाकडे झुकतो. उजव्या तोंडावरील काळी शाई मात्र कायमची असते आणि तिचे कार्य अधिक सूक्ष्म आहे. साध्या गोल पडद्यावर आघात केला असता मूळ स्वराबरोबर उमटणारे इतर स्वर त्याच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा विषम प्रमाणात असतात. म्हणून डफाच्या आवाजात निश्चित स्वर सहसा सापडत नाही. शाईमुळे ही प्रमाणे दोन, तीन, चार, पाच या पूर्णांकांच्या निकट येतात. चंद्रशेखर वेंकट रामन व शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही गोष्ट मांडली. पुढे १९३४ साली रामन यांनी पडद्यावर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याच डोळ्यांना दाखविल्या. कारागिरांनी हे सारे केवळ कानाच्या साह्याने साधले होते!

हेडफोनमध्येही पडदाच असतो. प्लास्टिकच्या पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते; चुंबकाच्या क्षेत्रात त्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागला की पडदा थरथरतो. हा पडदा फार नाजूक असल्याने त्यावर रवा किंवा अन्य काहीही लावू नये. स्वस्त हेडफोनचा दोष पुष्कळदा पडद्यात नसून त्याच्या भोवतालच्या हवेत असतो.

याची परीक्षा सोपी आहे. कान झाकणारे हेडफोन लावून मृदंगवादनाचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानांवर दाबाव्यात. डाव्या तोंडाचा खर्ज एकाएकी भरदार झाला, तर गादी कानाभोवती नीट बसत नसून फटीतून हवा निसटत आहे असे समजावे. अशा वेळी झिजलेली गादी बदलणे हाच उत्तम उपाय. चष्म्याच्या दांडीमुळेही अशी फट राहते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानीच येत नाही.

आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटत असेल, तर वाटीच्या आतील हवा पडद्यामागे घुमत असण्याचा संभव आहे. तारेचा, बिनबॅटरीचा आणि स्क्रूने जोडलेला हेडफोन असेल तर तो सावकाश उघडून पडद्यामागील मोकळ्या जागेत थोडा पिंजलेला कापूस सैलसर ठेवावा. तंतूंमधून जाताना हवेच्या कंपनांची शक्ती घर्षणात खर्च होते आणि घुमणे कमी होते. कापूस ठासून भरू नये. तसे केल्यास खर्जच दबतो. तारांचे बारीक जोड ओढले जाणार नाहीत एवढी दक्षता घ्यावी. बॅटरीवर चालणारे हेडफोन मात्र उघडू नयेत, कारण आतील लिथियमच्या घटाला इजा झाल्यास आग लागण्याचा धोका असतो.

या प्रयोगात कान सहज फसतो, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. म्हणून प्रथम एकाच वाटीत कापूस घालावा, दुसरी तशीच ठेवावी, आणि एकच ध्वनिमुद्रण तेवढ्याच आवाजात एकाच कानाने, आधी एका आणि मग दुसऱ्या वाटीतून ऐकावे. फरक न जाणवल्यास कापूस काढून घ्यावा. तंजावूरचा वादकही रवा एकदाच लावून थांबत नाही. पुन्हा आघात करून तो ऐकतो.