जुन्या मॅटाडोरचा डिझेलचा काटा हलत नाही? मीटर बदलण्याआधी हे तपासा

टाकी भरलेली, तरी काटा खालीच! जुन्या मॅटाडोरची ही नेहमीची तक्रार. अंदाजावर गाडी चालवली अन् डिझेल संपलं, तर लाइनमध्ये हवा शिरते. मग नुसतं डिझेल टाकून भागत नाही, एअर काढावी लागते.

टाकीतला फ्लोट वर-खाली झाला की टँक युनिटचा रेझिस्टन्स बदलतो आणि तसा काटा हलतो.

१) युनिटचा अर्थ गंजला असेल तर घासून साफ करा, नट आवळा. अनेकदा एवढ्यावरच काम होतं.

२) फरक नाही पडला, तर चावी बंद करून युनिटची वायर काढा. क्षणभर चावी चालू करून काटा बघा. पुन्हा चावी बंद करून ती वायर बॉडीला जोडा, परत क्षणभर चालू करा. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर ठीक, दोष युनिटचा. नाही गेला, तर फ्यूज, वायर, मीटर बघा.

३) युनिट बाहेर काढून फ्लोट हलवा. आत डिझेल खळखळलं तर तो बदलाच.

काम करताना बिडी-काडी लांब ठेवा. रिकाम्या टाकीतही वाफ असते, त्यामुळे घरी वेल्डिंग करू नका. स्फोट होऊ शकतो.