ड्राइव्ह सायकल (वाहननिदान)

मोटारीच्या उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेची दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे पडताळण्यासाठी ठरावीक क्रमाने केलेल्या चालनास ड्राइव्ह सायकल म्हणतात. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ ही स्वयंनिदान प्रणाली सक्तीची झाल्यावर तिला महत्त्व आले.

स्कॅनरने दोषसंकेत पुसला की ‘चेक इंजिन’ दिवा विझतो. मात्र त्याबरोबर उत्प्रेरक परिवर्तक, ऑक्सिजन सेन्सर, इंधनबाष्प यंत्रणा आदींच्या स्वयंचाचण्याही ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात. त्यामुळे विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. प्रत्येक चाचणीच्या अटी निराळ्या असतात. इंधनबाष्प यंत्रणेची चाचणी बहुधा इंजिन रात्रभर निवल्यावर आणि टाकी काठोकाठ भरलेली वा अगदी रिकामी नसतानाच सुरू होते. उत्प्रेरकाच्या चाचणीस तापलेले इंजिन व काही काळ स्थिर वेग लागतो. गॅरेजभोवतीची एखादी फेरी साहजिकच अपुरी पडते. नेमका क्रम उत्पादकागणिक बदलतो. संबंधित चाचणी पूर्ण होऊनही दोषसंकेत परतला नाही, तरच दुरुस्ती पक्की मानतात.

अमेरिकेतील अनेक राज्यांत २००१ व त्यानंतरच्या पेट्रोल मोटारीच्या एकाहून अधिक चाचण्या अपूर्ण असल्यास ती तपासणीत उत्तीर्ण होत नाही. भारतातील पीयूसी तपासणी मुख्यतः धुराड्यातून निघणाऱ्या वायूंच्या मोजमापावर आधारलेली आहे.