उलट्या टोप्या : न्यूयॉर्कचे स्वयंसेवक बंबवाले आणि १८३५ ची आग

न्यूयॉर्कच्या १८३५ च्या महाआगीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक जळालेल्या इमारती आणि बुडालेल्या विमा कंपन्या यांच्या हिशेबात रमतात. मात्र त्या आगीचे खरे नाट्य पुढील वर्षी, एका मुख्य अभियंत्याच्या बडतर्फीवरून घडले, आणि त्याकडे त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले.

१६ डिसेंबर १८३५ च्या रात्री नऊच्या सुमारास वॉल स्ट्रीटच्या दक्षिणेकडील एका गोदामात आग लागली. तापमान शून्याखाली सुमारे २७ अंश सेल्सियस होते, वायव्येकडून सोसाट्याचा वारा सुटला होता आणि दोनच रात्रींपूर्वीच्या आगींशी झुंजून बंबवाले थकलेले होते. आगीसाठी राखलेले पाण्याचे साठेही त्या आगींतच आटत आले होते. ईस्ट नदी किनाऱ्यालगत गोठली होती. बर्फ फोडून पाणी उपसले, तरी ते चामड्याच्या नळ्यांतच थिजत होते, म्हणून पंप चालू राहावेत यासाठी त्यांत ब्रँडी ओतण्यात आली. त्या काळचा बंब म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना लटकून माणसांनी हापसायचा, चाकांवरचा पंप होता. पाणी दूर न्यायचे असल्यास एका बंबाने दुसऱ्याच्या टाकीत पाणी सोडायचे आणि दुसऱ्याने ते पुढे ढकलायचे, अशी साखळी लावावी लागे. पुढच्या बंबावरची माणसे हापसण्यात कमी पडून त्यांची टाकी ओसंडून वाहिली, तर ती त्या पथकाची नामुष्की मानली जाई. ही चुरस नेहमीच्या आगीत उपयोगी पडे. गोठलेल्या नदीपुढे तिचा इलाज चालला नाही.

मालाच्या बचावाची कथा तर जवळजवळ विडंबनासारखी आहे. व्यापाऱ्यांनी आपले कापड मर्चंट्स एक्स्चेंज या भव्य व्यापारगृहात आणि जवळच्या डच चर्चमध्ये सुरक्षित म्हणून हलवले आणि दोन्ही इमारती त्या मालासह भस्मसात झाल्या. एक्स्चेंजमध्ये त्याच वर्षी बसवलेला अलेक्झांडर हॅमिल्टनचा संगमरवरी पुतळा घुमटाखाली चिरडला गेला. अखेर नौदलाच्या गोदीतून आणलेल्या दारूने इमारती उडवून आगीच्या वाटेत मोकळी पट्टी पाडली, तेव्हा ती आवरली. सतरा चौकांमधील सुमारे सातशे इमारती गेल्या, नुकसान सुमारे दोन कोटी डॉलरचे झाले आणि शहरातील २६ अग्निविमा कंपन्यांपैकी २३ दिवाळखोर झाल्या.

एवढ्या हानीनंतर दोषी शोधला जाणे क्रमप्राप्त होते. बंब, नळ्या आणि बंबघरे महापालिकेची होती, परंतु ती चालवणारी माणसे बिनपगारी होती. प्रत्येक बंबामागे एक पथक असे, त्याला कंपनी म्हणत आणि ती आपला नायक स्वतः निवडे. मोबदला म्हणून सदस्यांना ज्यूरीचे काम आणि नागरी सैन्यातील सेवा यांतून सूट मिळे. सर्व कंपन्यांवरचा मुख्य अभियंता मात्र नगरमंडळ नेमत असे. या पदावरील जेम्स गुलिक हा धिप्पाड आणि आपल्या माणसांत कमालीचा लोकप्रिय गृहस्थ होता. महाआगीनंतर नगरमंडळातील त्याचे विरोधक प्रबळ झाले. पाणी नसल्याचा दोष त्याच्या माथी मारणे उघड अन्यायाचे होते, कारण क्रोटन नदीचे पाणी शहरात आणण्याच्या योजनेला मतदारांनी आगीच्या आठच महिने आधी मान्यता दिली होती आणि ते पाणी प्रत्यक्षात १८४२ मध्ये पोहोचले.

मे १८३६ मध्ये एका आगीवर काम चालू असतानाच, गुलिकला काढल्याची बातमी बंबवाल्यांत पसरली. ऑगस्टिन कॉस्टेलो याच्या १८८७ च्या इतिहासानुसार, त्यांनी टोप्यांची पुढची बाजू मागे फिरवली, दांडे सोडले आणि ते हात बांधून उभे राहिले. महापौर कॉर्नेलियस लॉरेन्स यांची हुर्यो उडवण्यात आली आणि शेवटी गुलिकनेच येऊन विनवल्यावर माणसे पुन्हा कामाला लागली. कॉस्टेलो हा बंबवाल्यांचा भाटच होता, त्यामुळे त्याच्या वर्णनातला भावनेचा भाग वजा करूनच वाचावा लागतो. तो वजा केला तरी उरते ते गंभीरच आहे, कारण ज्यांचे घर त्या वेळी जळत होते त्यांचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता. कॉस्टेलोला याचे काही वाटलेले दिसत नाही.

नगरमंडळाने तरीही माघार घेतली नाही आणि जॉन रायकर याला मुख्य अभियंता नेमले, तेव्हा बंबवाल्यांनी सामुदायिक राजीनामे दिले. बिनपगारी माणसाचा पगार कापता येत नाही आणि त्याने काम सोडल्यास त्याला अडवताही येत नाही, ही अडचण रायकरला नवख्या माणसांची भरती करताना पदोपदी जाणवली असणार. दरम्यान डेमोक्रॅट पक्षाच्या विरोधातील व्हिग पक्षाने संधी साधली आणि गुलिकला रजिस्ट्रार, म्हणजे जमिनीच्या दस्तांची नोंद ठेवणारा अधिकारी, या पदासाठी उभे केले. शरद ऋतूतील निवडणुकीत तो दणदणीत मतांनी निवडून आला. १८३७ मध्ये रायकरला जावे लागले आणि कॉर्नेलियस अँडरसन मुख्य अभियंता झाला. बंबघरांतून राजकारणात जाण्याची ही वाट पुढे रुळली. भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध झालेला विल्यम ट्वीड हाही एका बंब-कंपनीचा नायक म्हणूनच प्रथम पुढे आला होता.

१८६५ मध्ये राज्य विधिमंडळाने पगारी अग्निशमन दलाचा कायदा केला. स्वयंसेवकांच्या बाजूने त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, ते फेटाळले गेले. आणि नवे दल उभे राहिले, तेव्हा वर्षाला ७०० डॉलर पगारावर त्यात रुजू झालेल्यांत अनेक जुने स्वयंसेवकच होते.