डावा रेणू, उजवा रेणू

डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही. आकार तोच, पण उलटा. कित्येक रेणूही असेच, परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात. डोपा या रेणूचे एल-डोपा हे रूप कंपवातावर उपकारक, तर दुसरे अपायकारक. नेहमीच्या रासायनिक क्रियेत दोन्ही निम्मी-निम्मी तयार होतात. विल्यम नोल्स यांनी १९६८ मध्ये ऱ्होडियम धातूला एकाच बाजूच्या घडणीच्या रेणूची जोड देऊन उत्प्रेरक सिद्ध केला. त्यामुळे एक रूप अधिक घडू लागले. तोच मार्ग सुधारून पुढे अमेरिकेतील कारखान्यात एल-डोपा बनू लागले. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याचा अल्प अंशही पुरतो. या संशोधनासाठी २००१ च्या नोबेल पारितोषिकात नोल्स सहभागी होते. घटक समान असूनही मांडणीवर परिणाम ठरतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना चपलांच्या जोडावरूनच समजावतो.