मिठातलं अंतर आणि एक अडचण

ब्रॅगचा नियम आपण पाहिला: पहिल्या क्रमाच्या परावर्तनात थरांमधल्या अंतराची दुप्पट गुणिले कोनाची साइन म्हणजे तरंगलांबी. तांब्याचे क्ष-किरण १.५४ अँगस्ट्रॉमचे, मिठातून त्यांचा सर्वांत ठळक किरण ३१.७ अंशांनी वळतो. सूत्रात निम्मा कोन घ्यायचा, १५.८५ (विद्यार्थी हमखास इथंच घसरतात). अंतर येतं २.८२.

पण थांबा! १.५४ हे कुणी सांगितलं? १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांना तरंगलांबीही ठाऊक नव्हती, अंतरही नाही. हा तर अन्योन्याश्रय! सुटका केली तराजूनं. आयन घनाच्या कोपऱ्यांवर आलटून-पालटून बसलेत, हे परावर्तनांच्या मांडणीवरून कळलं होतं. मग मिठाची घनता, रेणुभार आणि ॲव्होगॅड्रो संख्या यांवरून एका आयनाच्या वाट्याची जागा काढायची, तिचं घनमूळ घ्यायचं. आपण २.१६ आणि ५८.४४ घेऊन करून पाहू: २.८२च. क्ष-किरणांची तरंगलांबी त्यानंतर मिठावरून ठरली.