प्रकाशाची करवत

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेस उतरून लालबहादूर शास्त्री मार्गाकडे निघालात, की छोट्या कारखान्यांचे गाळे लागतात. त्यांतील एका गाळ्यात नावाच्या पाट्या व मानचिन्हे तयार होतात. पूर्वी तेथील कारागीर प्लायवर कागद चिकटवून बारीक करवतीने एकेक अक्षर कापीत, मग कानस मारीत बसत. आता कोपऱ्यातल्या टेबलावर ट्रंकेएवढी एक पेटी आहे. संगणकावर अक्षरे काढायची, झाकण लावायचे, की पेटीतला प्रकाशकिरण ती कापून देतो.

प्रकाश लाकूड कापतो म्हणजे काय? भिंगाने कागद जाळण्याचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असाल. तत्त्व तेच, येथे ऊन नाही, एवढेच. काचेच्या नळीत कार्बन डायॉक्साइड व इतर काही वायू भरलेले असतात. त्यांतून हजारो व्होल्ट दाबाची वीज सोडली, की डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो. आरशांवरून वळत तो भिंगात शिरतो आणि खाली एका टिंबावर एकवटतो. लेसरची ही जात १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधली. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा, आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात! हे वर्गात सांगितले, की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

४० वॅटची अशी पेटी ३ मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक किंवा प्लाय कापते; लोखंडी पत्रा मात्र नाही. याहून स्वस्त यंत्रांत निळ्या किरणाचा डायोड असतो. पारदर्शक ॲक्रिलिकमधून तो किरण आरपार निघून जातो, कापीत नाही. विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही. तेव्हा आपला नमुना बरोबर न्या आणि समोर कापून मागा.

खेड्यात हे कसे चालायचे, असे कोणी म्हणेल. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी.च्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची सामाईक कार्यशाळा, उभी राहिली. तेव्हा तो प्रश्न जुना झाला.

आता धोक्याचे सांगतो. आमच्या त्या कारागिराने एकदा हौसेने रेक्झिन कापले. बहुतेक रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो. तो जळला, की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. त्याचा घसा दोन दिवस धरला होता, आणि महिन्याभरात यंत्राच्या दांड्यांना गंज चढला. म्हणून रेक्झिन नको, फ्लेक्सही नको.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत हे यंत्र आणायचे तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. नळीला हजारो व्होल्ट लागतात, आणि शाळांतली अर्थिंगची तार पुष्कळदा नुसती लोंबत असते. नळी थंड ठेवणारे पाणी फिरते आहे ना, हे रोज पाहावे. धूर बाहेर नेणारा पंखा हवाच. आणि यंत्र चालू असताना चहाला जाऊ नका. प्लाय कधी पेट घेईल सांगता येत नाही. आग विझवायचे नळकांडे हाताशी असू द्या.