इंटरमिटंट फास्टिंग आणि गोडधोड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटरमिटंट फास्टिंगमध्ये काय खावे यापेक्षा केव्हा खावे यावर भर असतो. १६:८ या प्रकारात दिवसाचे ८ तास खाण्यासाठी आणि १६ तास उपाशी राहण्यासाठी असतात. ५:२ या प्रकारात आठवड्याचे पाच दिवस नेहमीचा आहार आणि दोन दिवस जेमतेम ५०० ते ६०० कॅलरी. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धतही याच कुळातली. यांपैकी कोणतीही पद्धत पाळताना निरोगी माणसाला गोडधोड सोडावे लागत नाही. फक्त त्याची वेळ आणि त्याचे प्रमाण सांभाळावे लागते, आणि गैरसमज आहेत ते नेमके याच दोन गोष्टींबद्दल.

गैरसमज १: खाण्याच्या वेळेत काहीही, कितीही खाल्ले तरी चालते.

वस्तुस्थिती: वजन उतरते ते मुख्यतः एकूण कॅलरी घटल्यामुळे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार होता. एका गटाने मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात झालेल्या घटीत लक्षणीय फरक आढळला नाही. वेळेच्या बंधनाचा मोठा उपयोग म्हणजे रात्रीचे अरबट-चरबट आणि येता-जाता तोंडात टाकलेले फरसाण आपोआप सुटते. तेच फरसाण आणि मिठाई त्या आठ तासांत भरून काढली, तर हा उपयोग संपतो.

गैरसमज २: एक पुरणपोळी खाल्ली की सगळी मेहनत पाण्यात.

वस्तुस्थिती: शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तूप घातलेल्या एका पुरणपोळीतून, तिच्या आकारानुसार, साधारण ३०० ते ४०० कॅलरी मिळतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी वजनकाटा अर्धा-एक किलो जास्त दाखवतो, त्यात बरेचसे पाणीच असते. यकृत आणि स्नायूंत साठणारे प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खारट पदार्थांमुळेही अंगात पाणी साठते. नेहमीचे जेवण सुरू झाले की हे वजन उतरते. नुकसान होते ते ‘आता मोडलाच आहे नियम’ म्हणून दिवसभर खात राहिल्याने. पोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास लांबवणेही बरे नव्हे. त्याने भूक खवळते आणि पुढच्या जेवणात हात सुटतो.

गैरसमज ३: उपास गोडाने सोडावा.

वस्तुस्थिती: रिकाम्या पोटी घेतलेला पेढा किंवा गुलाबजाम रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा डाळ आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवल्यास ती वाढ सौम्य राहते. तंतुमय पदार्थ आणि प्रथिने पोटात असली की अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. पोट भरत आलेले असल्याने गोडाचा वाटाही आपसूक लहान होतो.

गैरसमज ४: गूळ आणि मध मोजावे लागत नाहीत.

वस्तुस्थिती: वजनाला वजन धरले तर गुळातल्या कॅलरी साखरेच्या जवळपासच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार, वरून घातलेली साखर आणि मध व फळांच्या रसातील साखर मिळून एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांच्या खाली गेल्यास आणखी चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. चक्का आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेल्या १०० ग्रॅम श्रीखंडात जवळपास तेवढीच साखर असते. म्हणजे वाटीभर श्रीखंडात दिवसाची मर्यादा संपते. दोन-तीन चमचे घेतले तर चवही मिळते आणि हिशेबही जुळतो.

गैरसमज ५: साखरेचा चहा आणि उपवासाचे पदार्थ उपाशी काळात चालतात.

वस्तुस्थिती: चमचाभर साखरेत सुमारे २० कॅलरी असतात आणि तिने इन्सुलिनही वाढते. उपाशी काळात पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा किंवा कॉफी एवढेच घ्यावे. एकादशीला चालणारी साबुदाण्याची खिचडी इथे मात्र पूर्ण जेवण ठरते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. प्रसादाचा पेढाही ठेवून देऊन जेवणाच्या वेळी खाता येतो.

गैरसमज ६: ही पद्धत सर्वांना चालते.

वस्तुस्थिती: गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि खाण्याशी निगडित मानसिक विकार असलेल्या व्यक्तींनी ती टाळावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय ती सुरू करू नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली किंवा रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, तर उपास तिथेच मोडून तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी.